उतारावरची दोन माणसं

शेवगावच्या पूर्वेला जमीन हलकी होत जाते तशी गावं लहान होत जातात आणि दारांवरची कुलुपं मोठी. दसरा उलटला की किल्ल्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कनवटीला लागतात आणि बाकीचं गाव बैल जुंपून ऊसतोडीला निघतं. पुष्पावती गर्जे अशाच एका गावची. तिला अक्षरओळख व्हायच्या आधी उटी लावता येत होती.

उटी म्हणजे चाकाखाली सारायचा दगड. उसाने भरलेली गाडी उताराला लागली की गडी पुढे, बैलांच्या तोंडाशी, दोन्ही हातांत कासरे आवळून चालतो. बाई मागे, चाकालगत, हातात दगड घेऊन. गाडी पळायला लागली की तिने वाकून दगड चाकापुढे टाकायचा, गाडी थबकली की काढायचा, थोडं पुढे जाऊ द्यायचं आणि पुन्हा टाकायचा. पुष्पावतीची आई झुंबरबाई हे काम लग्न झाल्यापासून करत होती. एका हंगामात ती बाळंतीण होती, तेव्हा आठ वर्षांच्या पुष्पीने केलं.

त्याच हंगामात नगरहून औषधं वाटायला आलेल्या मिशनच्या सिस्टरांची जीप कारखान्याच्या वाटेवरच्या भैरोबाच्या उतारावर बंद पडली आणि मागे घसरू लागली. ड्रायव्हर ओरडायच्या आत रस्त्याकडेच्या पोरीने चाकामागे दगड सारला आणि जीप जागच्या जागी थांबली. सिस्टर खाली उतरल्या. त्यांनी पोरीला नाव विचारलं, मग शाळा विचारली. नाव होतं, शाळा नव्हती. पुढच्या जूनमध्ये पुष्पावती नगरला सिस्टरांच्या वसतिगृहात दाखल झाली. आसाराम, तिचा बाप, कुरकुरला होता, की पोरगी गेली तर हाताखाली कोण? झुंबरबाई म्हणाली, "जाऊ द्या तिला. दगड उचलायला मी हाय."

पोरगी गणितात पक्की निघाली. मॅट्रिकनंतर सिस्टरांनी तिला नर्सिंगला पाठवायचं ठरवलं तेव्हा तिने साफ नाही म्हटलं. तिला यंत्रांचं शिकायचं होतं.

"आपल्या मुली नर्स होतात, शिक्षिका होतात," सिस्टर म्हणाल्या.

"त्या होऊ द्यात की, सिस्टर. मी कुठं अडवतेय?"

एकोणसत्तर सालच्या जूनमध्ये ती इंजिनिअरिंगच्या पदविका कॉलेजात मेकॅनिकलला बसली. वर्गात मुलगी ती एकटी. वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं की साडी नेसून लेथपाशी उभं राहता येणार नाही, पदर अडकला तर जीव जाईल. सांगणाऱ्याला वाटलं, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी ती बापाचा सदरा आणि पायजमा घालून आली, केस फडक्यात करकचून बांधून. पोरांनी तिचं नाव 'गर्जेसाहेब' ठेवलं. तिने ते नाव घेऊन टाकलं. कुणी चिडवायला 'साहेब' म्हणून हाक मारली की ती "बोला" म्हणायची, आणि काही बोलायचं नसल्याने हाक मारणाराच ओशाळायचा.

तोवर साखर कारखान्याने जुन्या लाकडी चाकांच्या गाड्या काढून टायरगाड्या दिल्या होत्या. सपाटीवर त्या लोण्यासारख्या चालत. बैलांना ओढ कमी, माल जास्त, सगळे खूश. उतारावर मात्र वेगळाच प्रकार. लाकडी चाकाची लोखंडी धाव मातीत रुतायची, दगडाला अडायची. रबरी चाक कशालाच अडेना. गाडी मागून बैलांना ढकलू लागली आणि दगड टाकला तर टायर त्याच्यावरून उडी मारू लागलं. तोडकऱ्यांच्या बायकांनी मग दगड मोठे घेतले आणि ते चाकाला पार चिकटवून दाबायला लागल्या. पुष्पावती पहिल्या वर्षाला होती त्या हिवाळ्यात झुंबरबाईचा उजवा हात दगड आणि टायरच्या मधे सापडला. दोन बोटं गेली.

सुट्टी घेऊन ती कारखान्यावर पोचली तेव्हा आई कोपीपुढे, पाचटाच्या खोपटापुढे, डाव्या हाताने भाकरी थापत बसली होती. कारखान्याच्या दवाखान्याचा कागद बापाच्या मुंडाशात होता. पुष्पावतीने तो वाचला आणि पुन्हा वाचला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि त्या कोयत्याला नाव नवऱ्याचं असतं. कारकुनाने नेहमीच्या सवयीने नोंद केली होती. कागदोपत्री बोटं आसारामची गेली होती.

"आबा, हे काय लिवलंय?"

"लिवलं आसंल त्येंनी. आपल्याला काय कळतंय."

"मला कळतंय," ती म्हणाली.

झुंबरबाई हसली. "येवढी का फुगतीस? बोटं गेली, हात हाय की."

पण पुष्पावतीच्या डोक्यातून तो कागद गेला नाही. ती कॉलेजात परत आली ती एक गोष्ट मनाशी धरून. आईच्या हातातला दगड सुटला पाहिजे. तिच्या दृष्टीने इंजिनिअरिंग आता एवढंच होतं.

एकाहत्तरच्या जूनमध्ये शेवटचं वर्ष लागलं आणि प्रकल्पाची यादी फळ्यावर आली. स्क्रू जॅक, बेंच व्हाइस, हातपंप. जेऊरकर सर विभागप्रमुख. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, स्वभाव भिडस्त. पुष्पावती त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"आम्हाला उसाच्या गाडीचा ब्रेक करायचाय, सर."

"यादीतलं घ्या, गर्जे."

"यादीतले जॅक कपाटात पडलेत, सर. त्यांच्यावर धूळ आहे. आणखी एक कुणासाठी करायचा?"

तिच्या गटात दोन मुलं होती. राधाकृष्ण हा कापडबाजारातल्या दुकानदाराचा मुलगा, बोलघेवडा आणि जरा चैनीचा. गहिनीनाथ श्रीगोंद्याचा, घरचा ऊस असलेला, अबोल. राधाकृष्ण सरांकडे बघून म्हणाला, "सर, हो म्हणा. नाहीतर ही रोज येईल." सरांनी हो म्हटलं, यादीखाली पेन्सिलने एक ओळ वाढवली.

नगरात लष्कराचं भंगार स्वस्तात मिळे. तिघांनी भंगारवाल्यांकडून जीपच्या सळयांचे तुकडे, पट्ट्या, बोल्ट निवडून आणले. बाभळीचे ठोकळे सुताराकडून तासून घेतले, त्यांना जुन्या टायरची साल ठोकली. रचना साधी होती. दांडा ओढला की ठोकळे दोन्ही चाकांना घासणार. गाडीचं चित्र पुष्पावतीने एका इंग्रजी पुस्तकावरून काढलं. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि तोडणीचा एक जुना, मोडकळीला आलेला गाडा मिळवून ते तिघे भैरोबाच्या उतारावर गेले. आसारामने बैल दिले. गाड्यावर ऊस भरला.

उताराच्या माथ्यावर आसाराम नेहमीप्रमाणे खाली उतरला आणि बैलांच्या तोंडाशी गेला. झुंबरबाई नेहमीप्रमाणे मागे गेली, दगड उचलून. गाडा निघाला. पळायला लागला. "आबा, दांडा ओढा," पुष्पावती ओरडली. दांडा होता वर, पुढच्या बैठकीपाशी, आणि आसारामचे दोन्ही हात कासऱ्यात. तो बघत राहिला. झुंबरबाईने दगड टाकला, टायर त्यावरून उडालं, आणि डावा बैल गुडघ्यांवर आला. गाडा बांधाला जाऊन टेकला म्हणून बरं. बैलाचे गुडघे सोलून निघाले होते. आसारामने लेकीकडे पाहिलं नाही. बैलाच्या गुडघ्यांवर त्याने हळद लावली आणि पटक्याचं टोक फाडून बांधलं.

परतीच्या एसटीत राधाकृष्ण म्हणाला, "तुझ्या वडलांनी ओढायला हवा होता."

"कोणत्या हाताने?"

पुष्पावतीने मांडीवरचं ड्रॉइंग उलगडलं. पुस्तकातल्या गाडीवर एक पागोटंवाला माणूस ऐसपैस बसलेला होता. तिने तो जसाच्या तसा उतरवला होता आणि दांडा त्याच्या हाताशी दिला होता. उसाच्या गाडीवर असा कुणी बसत नाही. उतारावर तर कुणीच नाही. आणि हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

"मी आठ वर्षांची असताना जिथे चालले," ती म्हणाली, "ती जागाच मी कागदावर रिकामी सोडली. दांडा मागे पाहिजे. बाईच्या हातात."

गहिनीनाथ पहिल्यांदाच बोलला. "आमच्याकडं कुनी ऐकायचं न्हाई."

"तू ऐकलंस की आत्ता."

दांडा मागे नेला. तो आता ओढायचा नव्हता, अंगाचा भार देऊन खाली दाबायचा होता. बाईने चालता चालता त्यावर रेलायचं, ठोकळे चाकांना बसणार. वाकायचं नाही, हात चाकाजवळ न्यायचा नाही. डिसेंबरात युद्ध लागलं. संध्याकाळी ब्लॅकआऊट, वसतिगृहाच्या काचांना काळा कागद, वर्कशॉप दिवस मावळायच्या आत बंद. ते तिघे दुपारचं जेवण सोडून काम करू लागले.

जेऊरकर सरांनी नवं ड्रॉइंग पाहिलं आणि चष्मा काढला. "वाहनाचं नियंत्रण चालकाच्या हाती असतं, गर्जे. हा साधा नियम आहे. मोटारीचा ब्रेक कधी मागच्या सीटवर पाहिलाय?"

"आगगाडीचा पाहिलाय, सर. गार्डच्या डब्यात असतो. शेवटी."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "बाहेरच्या परीक्षकापुढे असं बोलू नकोस. उद्धट वाटेल."

खरी अडचण कारखान्यावर होती. गाडीतळाचे प्रमुख रंगनाथराव, फटफटीवर हिंडणारे, गड्यांशी थट्टामस्करी करणारे, पण गाड्यांच्या बाबतीत कडक. गाड्या कारखान्याच्या, तोडकऱ्याला हंगामापुरत्या दिलेल्या. राधाकृष्णने त्यांना ब्रेकचं समजावून सांगितलं तेव्हा ते मिश्किल हसले.

"म्हणजे बाई ब्रेक दाबणार. आणि गडी काय करणार, पान खाणार?"

"गडी बैल धरणार," पुष्पावती म्हणाली. "आत्ताही तेच करतो."

"हे बघ मुली. कारखान्याच्या गाडीला एक भोक पाडलंत तर गाडी जमा. तुझ्या बापाचा हंगाम तिथेच संपला."

ती नगरला परतली आणि सगळे छिद्रांचे जोड रद्द करून टाकले. चौकटीला खालून आवळणारे, इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले बोल्ट केले. पूर्ण ब्रेक चार नटांवर बसायचा आणि चार नट सैल केले की हातात यायचा. भोक एकही नाही.

आता तो गाडीवर चढवायचा कसा हे राहिलं. कॉलेजचं समाजसेवेचं शिबिर दर जानेवारीत होई. मुलं एखाद्या गावात जात, देवळाला चुना लावत, शेवटच्या दिवशी गावजेवण होई आणि फोटो निघे. ठिकाण ठरवायच्या सभेत पुष्पावती उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "बोला, साहेब."

"गेल्या वर्षी पांढरं केलेलं देऊळ अजून पांढरंच आहे," ती म्हणाली. "भैरोबाचा उतार मात्र चाकोऱ्यांनी फाटलाय. मुरूम टाकून तो सारखा करायला चला. हाताला फोड येतील. गावजेवण नाही. फोटोचं मला माहीत नाही."

हशा पिकला. पण हात वर झाले, ती समजत होती त्यापेक्षा जास्त. रंगनाथरावांनाही रस्ता फुकट दुरुस्त होणार म्हणून आनंदच झाला. संक्रांतीच्या आसपास जेऊरकर सर, शिबिराची मुलं, फावडी आणि घमेली असं सगळं उतारावर येऊन पडलं.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, फडात ऊस भरला जात असतानाच, त्यांनी आसारामच्या गाडीला ब्रेक बसवला. गाडी माथ्यावर आली आणि नेमके रंगनाथराव फटफटी थांबवून उभे.

"हे काय लावलंय?"

"भोक पाडलेलं नाही, साहेब," पुष्पावती म्हणाली. "खाली वाकून बघा."

"काढा ते."

झुंबरबाई मागे उभी होती, पदर कमरेला खोचून, तीन बोटांचा हात दांड्यावर. ती म्हणाली, "खाली गेल्यावर काढते, सायेब. आत्ता बैल उभं ऱ्हायलेत." आणि नवऱ्याला हाळी दिली, "चला ओ."

आसारामने एकदा साहेबांकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि बैल हाकले. गाडी उताराला लागली. झुंबरबाई दांड्यावर रेलली. ठोकळे चाकांना घासून करकरले, रबराचा वास सुटला, आणि गाडी एखाद्या गाभण म्हशीसारखी जपून खाली जाऊ लागली. मधे एकदा तिने भार सैल केला, गाडीने वेग घेतला, तिने पुन्हा रेलून दिलं, गाडी निमूट झाली. बैलांच्या माना वर होत्या. जू त्यांच्या मानेवर आदळत नव्हतं. फावडी टाकून मुलं बघत राहिली. खाली फरशीपुलावर पोचल्यावर झुंबरबाईने दांडा सोडला आणि घाम न सुटलेल्या, कोरड्या हाताकडे बघितलं. या उतारावर तिचा हात कोरडा राहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

रंगनाथराव चालत खाली आले. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, बैलांच्या मानांवर हात फिरवला. माणूस गाड्यांतला होता. त्याला जे दिसलं ते कळलं.

"चालतंय," ते म्हणाले. "उत्तम चालतंय. दांडा पुढे घ्या, मी वर शिफारस करतो. पुढच्या हंगामात सगळ्या गाड्यांना लावू. तुमच्या कॉलेजचं नाव घालू."

राधाकृष्णने तिच्या सदऱ्याची बाही ओढली. "हो म्हण. सगळ्या गाड्यांना म्हणतायत." जेऊरकर सरही हलकेच म्हणाले, "विचार कर, गर्जे."

तिने विचार केला. तिला फार वेळ लागला नाही. सगळ्या गाड्यांना दांडा पुढे लागला की पुढच्या प्रत्येक उतारावर दोन्ही हात कासऱ्यात असलेला एक गडी असणार, आणि मागे दगड घेतलेली बाई असणारच होती. फक्त मग कागदावर ब्रेक असणार होता आणि बोटं गेली तर बाईचाच निष्काळजीपणा ठरणार होता.

"पुढे घेणार नाही," ती म्हणाली.

"गाडी गाडीवानाच्या नावावर असते. जबाबदारी त्याची. उद्या बाईच्या हातून चूक झाली तर मी कुणाचं नाव लिहू?"

"तिचंच लिहा. झुंबरबाई. तुमच्या नोंदीत कोयता एक असेल, साहेब. उतारावर माणसं दोन असतात."

रंगनाथरावांचा चेहरा बदलला. मुलांसमोर, तोडकऱ्यांसमोर झालं हे. "मग सोडा ते नट. ही गाडी उद्यापासून दगडावरच उतरेल."

पुष्पावतीने पाना घेतला आणि त्यांच्या देखत चारही नट सोडले. ब्रेक रस्त्याच्या कडेला गवतात ठेवला.

संध्याकाळी कोपीपुढे टोळीच्या बायका जमल्या. राहीबाई सगळ्यांत वडील, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "पुष्पे, येवढं शिकलीस आन येक दांडा पुढं घ्यायला तुला जड गेलं व्हय? पुढं तर पुढं. आमाला तेवढंच."

"मावशे, पुढं घेतला तर तुज्या हातात काय?"

"दगड," राहीबाई म्हणाली.

"उद्या काय करायचं ते मी सांगनार न्हाई," पुष्पावती म्हणाली. "हात तुमचे हायेत."

झुंबरबाई चुलीत पाचट सारत होती. वर न बघता म्हणाली, "माजं ठरलंय कवाच."

दुसऱ्या दिवशी गाड्या माथ्यावर आल्या. झुंबरबाईने दगड रस्त्याकडेला ठेवला आणि त्याच्यावर बसली. आसाराम पुढून ओरडला, "काय झालं गं?"

"हात दुखतुय."

राहीबाईने मागच्या गाडीपासून आपला दगड आणून त्याच्याशेजारी ठेवला. "माजाबी दुखतुय." कडूबाई आली, साळूबाई आली. दगडांवर बायका रांगेने बसल्या, जणू लग्नघरी वऱ्हाडाची वाट बघत असाव्यात. मागे गाड्यांची रांग वाढत गेली. बैल पाय बदलू लागले. आसाराम झुंबरबाईजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "उठ की. लोकं हसत्यात."

"हसू द्या. हसायला बोटं लागत न्हाईत."

रंगनाथराव आले. आधी गोडीने बोलले, मग चढ्या आवाजात. शेवटी गड्यांना म्हणाले, "तुम्ही उतरवा. बायका बसू देत." गडी उताराकडे बघत उभे राहिले. एकट्याने गाडी उतरवता येत नाही हे कबूल करायला कुणालाच नको होतं, आणि करून दाखवायलाही कुणी पुढे होईना. त्या रांगेतला एकेक गडी त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच मागे वळून बघत होता.

"मग शिबिराची पोरं लावा उटीला," रंगनाथराव जेऊरकर सरांना म्हणाले. "धट्टीकट्टी आहेत."

सर काही बोलायच्या आत राधाकृष्णने हातातलं फावडं जमिनीत रोवलं. कापडबाजारातलं ते चैनीचं पोरगं, हाताला फोड आलेले. "आमच्या शिबिरात रस्ता आहे, साहेब. उटी नाही."

एकेक मुलाने फावडं रोवलं. गहिनीनाथचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, तरी त्यानेही.

नदीपलीकडून कारखान्याचा भोंगा वाजला. चरकाकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीला ऊस कमी पडला की रंगनाथरावांना कोण काय बोलतं हे सगळ्या गाडीतळाला माहीत होतं. त्यांनी फटफटीला किक मारली, मग बंद केली, मग पुष्पावतीकडे न बघता म्हणाले, "लावा ते. मी काही पाहिलेलं नाही." आणि खरोखरच पाठ करून सिगारेट पेटवली.

ब्रेक एकच होता. आसारामची गाडी त्यावर खाली गेली. मुलांनी चार नट सोडले, ब्रेक खांद्यावर घेतला आणि चढ चढून वर आणला, राहीबाईच्या गाडीला बांधला. ती खाली गेली, पुन्हा ब्रेक वर आला. जाताना प्रत्येक बाईला झुंबरबाई सांगत होती, "जोर नगं लावू. नुसती रेल." दिवसभर तो बाभळीचा आणि भंगाराचा सांगाडा खांद्यांवरून वर आणि चाकांवरून खाली येत राहिला. दुपारनंतर जेऊरकर सर कोट काढून पाना घेऊन बसले होते आणि नट आवळताना कुणाला हात लावू देत नव्हते.

कारखान्याने तो ब्रेक कधीच कुठे लिहिला नाही. दांडा मागे ठेवून सगळ्या गाड्यांना लावण्याचं पत्र गहिनीनाथने दोनदा टाकलं, उत्तर आलं नाही. पण त्या टोळीने हंगाम संपायच्या आत गावच्या लोहाराकडून तसलेच आणखी करून घेतले, आणि रंगनाथरावांना दिसायचं बंद झालं ते झालंच.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकाने ड्रॉइंगवर बोट ठेवलं. गाडीच्या मागे, दांड्याजवळ, पुष्पावतीने एक बाई काढली होती, कासोटा घातलेली.

"यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये माणसं काढायची नसतात."

"पुस्तकातल्या ड्रॉइंगमध्ये आहे एक, सर. गाडीवर बसलेला."

"आणि हँडल चुकीच्या टोकाला आहे."

सरांनी मागून खाकरून खूण केली. तिने खूण ऐकली आणि आगगाडीच्या गार्डचं सांगितलंच. गुण कापले गेले. पहिला वर्ग थोडक्यात हुकला. फेरतपासणीचा अर्ज सरांनी स्वतः आणून दिला. तिने तो भरला नाही. सेकंड क्लासवर ती नागापूरच्या एका छोट्या कारखान्यात लागली. तिथेही पायजमा-सदरा, तिथेही हाक मारली की "बोला". पुढे ती त्या शॉपची फोरमन झाली, आणि तिथे यंत्राला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव, बाई असो की गडी, ज्याचं त्याचं वेगळं लिहिलं जाई. ती लिहायची.

निकालानंतर ती ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन गावी गेली. हंगाम संपून माणसं परतली होती, कुलुपं निघाली होती. झुंबरबाईने चुलीपुढे कागद पसरला आणि त्या बाईकडे निरखून बघितलं.

"लई जाड काढलीस."

"रेलायला वजन लागतंय."

झुंबरबाईने आपला हात कागदाशेजारी ठेवला. "हिला पाची बोटं हायेत. मंजी ही मी न्हवं."

"न्हाई. ही तुज्या मागनं येनारी."

झुंबरबाईने कागद पुन्हा नीट गुंडाळला, फळीवर ठेवला आणि चहाचं भांडं चुलीवर चढवलं. चुलीच्या तीन दगडांतला एक बाकीच्यांपेक्षा मोठा आणि एका अंगाला घासून गुळगुळीत झालेला होता. उतारावरून तो तिने गाडीत घालून आणला होता.